मोमोची लाल चटणी घरी जमेना, कुणी नीट सांगेल का?

सात_रस्ता_सून
शनिवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. पोरगा नववीत आहे, क्लासहून येताना गाडीवर मोमो खायची सवय लागलीय, आणि चटणी दुसऱ्यांदा मागितली की गाडीवाला तोंड वाकडं करतो म्हणे. म्हटलं घरीच करू. मोमो जमले ओ, मैदा मळून अर्धा तास झाकून ठेवला, कोबी गाजर बारीक चिरून मीठ लावून घट्ट पिळून घेतलं, मोदकाचा हात असल्यामुळं कळ्यापण झकास पडल्या. मोदकपात्रातच वाफवले. सासूबाई म्हणाल्या हे तर तिखटाचे मोदकच झाले की. घोडं अडलंय ते चटणीपाशी.

पहिल्यांदा टोमॅटो, लाल तिखट, लसूण, मीठ सगळं कच्चंच मिक्सरला फिरवलं आणि तेलात परतलं, तर मिसळीच्या कटासारखी लागायला लागली आणि कच्च्या लसणाचा वास रात्रभर तोंडात. दुसऱ्यांदा मोबाईलवर बघून सोया सॉस दोन मोठे चमचे घातला आणि कढई चांगली तापलेली असतानाच तीन चमचे व्हिनेगर ओतलं, आई गं, असा भपका आला की मी खोकत खोकत गॅलरीत, सासूबाई देवघरातून ओरडल्या काय पेटवलीस गं, आणि चटणी झाली काळीकुट्ट आणि खारट. पोरानं एक मोमो बुडवला, काही न बोलता उठला आणि फ्रिजमधली केचपची बाटली काढली. काहीतरी बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मेयोनीज नकोय, ते पांढरं आमच्यात कुणाला आवडत नाही. लाल, जरा पातळ, आंबटतिखट अशी पाहिजे. चुकतंय कुठं?

कडक_भाकरी
९.३१

ताई एवढा कुटाणा कशाला, शेंगा चटणी घ्या, त्यात जरा तेल घाला, मोमो बुडवा, विषय संपला. सोलापुरात राहून चटणीसाठी धागा काढायची वेळ आली म्हणजे अवघडच आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस
९.३५

काय बे भाकरी, सगळ्यावर शेंगा चटणी हेच औषध का तुझं. परवा पिझ्झाच्या धाग्यावर पण हेच लिहिलास.

कडक_भाकरी
९.३६

लिहिलो तर. खाऊन बघ आधी मग बोल.

हुतात्मा_एक्सप्रेस
९.५२

ताई, मी नोकरीला पुण्यात, दर शनिवारी गावाकडं येतो, आत्ता पण गाडीतच आहे, रेंज गेली की मेसेज अर्धवट राहील. माझा रूम पार्टनर दार्जिलिंगचा, त्याच्याकडून शिकलेलं सांगतो. तुम्ही दोन वेगळ्या चटण्या एकात मिसळलाव, सगळा घोळ तिथंच झालाय. एक असते ती सोयावाली, ती शिजवायचीच नसते. दुसरी लाल टोमॅटोवाली, ती शिजवायची असते आणि तिच्यात सोया असलाच तर नावापुरता.

सोयावाली अशी. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा तिखटाचं तेल, एक लसूण पाकळी ठेचून, चिमूटभर साखर. वाटीत कालवायचं आणि पाच मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे लसूण जरा मुरतो. गॅस पेटवायचाच नाही. चीनमध्ये डंपलिंगला साधारण असंच घेतात, फक्त त्यांचं व्हिनेगर काळं असतं, चिकट तांदळाचं, झेनजियांग नावाच्या गावचं प्रसिद्ध आहे, ते चवीला गोडसर आणि मऊ असतं. आपलं पांढरं व्हिनेगर त्यापेक्षा फार टोचतं, म्हणून मी ते कमी घेतो आणि गुळाचा बारीक खडा विरघळवतो. जपानी लोक ग्योझाला, म्हणजे त्यांच्याकडच्या मोमोला, पण सोया, तांदळाचं व्हिनेगर आणि तिखटाचं तेल हेच घेतात. शांघायकडं ते रसवाले डंपलिंग असतात त्यांना तर सोया पण नाही, व्हिनेगर आणि आल्याच्या सुतासारख्या काड्या, बास.

एक अजून, रेसिपीत तिळाचं तेल थेंबभर लिहिलेलं असतं ते भाजलेल्या तिळाचं असतं, काळपट, वासाचं. आपलं घाण्याचं तिळाचं तेल घातलं तर तो वास येणार नाही, त्यापेक्षा तीळ भाजून भरड करून टाका.

लाल चटणीचं मला नीट येत नाही, ते कुणीतरी काकू मावशी सांगतील.

अक्का_भवानीपेठ
१०.१०

मी सांगते. सून बाई, आधी तिखटाची पूड बाजूला ठेव. या चटणीला अख्खी मिरची लागते. आमच्यात पचडीला अख्खी मिरची भिजवूनच घेतात, तेलुगू घर आहे ना आमचं, तोच हात मी हिच्यात वापरला आणि जमली.

ब्याडगी मिरच्या आठ घे, देठं काढ, बिया झटकून टाक. ब्याडगी कर्नाटकातली, आपल्याकडं कुठल्याही मिरचीवाल्याकडं मिळते, अंगावर सुरकुत्या असतात, रंग भरपूर आणि तिखट बेताचं. तिखट पाहिजे असेल तर एखादी गुंटूर घाल, जास्त नको, पोरगं खाणार आहे. टोमॅटो चार मध्यम, गावरान मिळाले तर उत्तमच, हायब्रीडचं साल जाड आणि आंबटपणा कमी. टोमॅटोला खाली अधिक चिन्हासारखी चीर देऊन मिरच्यांसकट पाण्यात टाक आणि आठदहा मिनिटं उकळ, साल सुटायला लागलं की बंद. गार होऊ दे पूर्ण, घाई केलीस तर मिक्सरचं झाकण उडेल आणि भिंतीवर चटणी होईल, माझी झालीय. साल काढ, पाणी न घालता बारीक वाट. गाडीसारखी गुळगुळीत पाहिजे असेल तर गाळून घे.

मग दोन चमचे तेल, त्यात आठदहा पाकळ्या लसूण बारीक चिरून, मंद गॅसवर, कच्चा वास जाईपर्यंत, लाल करायचा नाही. मग वाटण घाल, मीठ, एक लहान चमचा साखर, आणि कडेनं तेल दिसायला लागेपर्यंत परत, सहासात मिनिटं लागतात. सोया घालायचाच असेल तर एक लहान चमचा. गॅस बंद. मग व्हिनेगर. बंद केल्यावर गं, आधी नाही.

तुझी पहिली चटणी फसली कारण सगळं कच्चं वाटून वर पूड टाकलीस. पूड टोमॅटोच्या पाण्यात नीट शिजत नाही, कच्चीच राहते, आणि रंगपण विटकरी येतो.

जुना_मंगळवार_पेठ
१०.२४

व्हिनेगर कशाला पाहिजे, लिंबू पिळा. किंवा चिंचेचा कोळ. आपल्या पूर्वजांनी कधी व्हिनेगर बघितलं होतं का.

अक्का_भवानीपेठ
१०.२७

पूर्वजांनी मोमो पण बघितला नव्हता दादा.

हुतात्मा_एक्सप्रेस
१०.२९

हाहाहा. आलो सोलापूरला, स्टेशनवर आहे.

सात_रस्ता_सून
१०.३३

अक्का खूप धन्यवाद. चिंच मी करून बघितली होती तशी, म्हणजे त्या दुसऱ्या वेळची बिघडलेली सुधारायला घातली, तर ती भेळेची चटणी झाली सरळ. मोमो खाताना शेव शोधावीशी वाटली.

लेबल_वाचा_आधी
११.०५

उशिरा आलो धाग्यावर. माझं काम खाद्यपदार्थांच्या लॅबमधलं, म्हणून दोन गोष्टी.

तुमच्या बाटलीवर बारीक अक्षरात सिंथेटिक लिहिलंय का बघा. बहुतेक असेलच. म्हणजे ते आंबवून केलेलं नाही, ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं आहे, साधारण चार टक्क्यांच्या आसपास. खायला चालतं, विष नाही ते, पण त्याला आंबटपणाशिवाय चवच नाही. आंबवलेल्या व्हिनेगरला जरा फळाचा, धान्याचा वास असतो. आणि भपक्याचं म्हणाल तर ॲसिड गरम कढईत पडलं की त्याची वाफ होऊन सरळ छातीत जाते, तुम्हाला खोकला आला तो त्याचा. शिवाय जे वाफ होऊन गेलं ते चटणीत राहिलंच नाही. म्हणून अक्का म्हणतात तसं गॅस बंद करून. लिंबाचंही तेच, शिजवलं की कडवट होतं.

दुसरं सोया. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. तुम्ही दोन घातलेत, वर मीठ वेगळं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत रहा म्हणते, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. ते सगळं तुमच्या एका वाटीत आलं. घरात कुणाला बीपी असेल तर जपून. आणि काळी झाली कारण तो डार्क सोया असणार, त्यात कॅरॅमलचा रंग असतो, तो नूडल्सना रंग यायला असतो, बुडवून खायला नाही.

सात_रस्ता_सून
११.१२

अय्या हो, डार्कच लिहिलंय. सासूबाईंना बीपी आहेच. बरं झालं सांगितलंत.

निवृत्त_सुभेदार
रविवार, सकाळी ६.१५

सुप्रभात. माझी काही वर्षं सिक्कीममध्ये गेली आहेत. गंगटोकला थंडीत ड्युटी संपवून मोमो खाल्लेले आहेत, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

मोमो मूळ तिबेटी. ल्हासाला व्यापाराला जाणारे काठमांडूचे नेवार लोक तो खाली घेऊन आले असं तिकडची मंडळी सांगतात. तिबेटी घरात त्याच्याबरोबर सेपेन नावाची तिखटजाळ चटणी असते. नेपाळी घरात अचार म्हणतात, पण ते आपलं लोणचं नव्हे, टोमॅटोची चटणीच. पद्धत अशी की टोमॅटो उकडायचे नाहीत, चुलीच्या आरावर साल काळं होईपर्यंत भाजायचे, वांग्याचं भरीत करतो तसे. लसूण आणि मिरचीही भाजून. तीळ भाजून वाटायचे. मोहरीच्या तेलात मेथीचे चार दाणे काळपट होईपर्यंत तडतडवून ती फोडणी वर. आणि टिमूर. टिमूर म्हणजे मिरीसारखं दिसणारं एक फळ, खाल्लं की जिभेला मुंग्या येतात. ते नसेल तर तो अचार नव्हे. सिक्कीममध्ये मिरची डल्ले खुर्सानी, बोरासारखी गोल, एक खाल्ली की माणूस देवाचं नाव घेतो.

आणि ते भाकरीवाले थट्टा करत आहेत, पण त्यांना कल्पना नसेल, काठमांडूत झोल मोमो मिळतो, म्हणजे पातळ रश्शात बुडवलेला, त्या झोलमध्ये तीळ नाहीतर शेंगदाणे वाटून घालतातच. तेव्हा शेंगा चटणी तितकी परकी नाही.

कडक_भाकरी
७.४०

साहेब तुम्हाला सलाम. हुतात्मा, वाच बे जरा. शांत का झालास.

हुतात्मा_एक्सप्रेस
९.१५

झोपलो होतो बे. वाचलो.

मालवणची_लेक_सोलापुरात
९.४८

काका ते टिमूर म्हणजे आमचं तिरफळ की काय? मी लग्न करून सोलापूरला आले, माहेर मालवणकडचं. बांगड्याच्या तिखल्यात आम्ही तिरफळं टाकतो, त्यानेही जीभ बधिर होते आणि लिंबासारखा वास येतो.

लेबल_वाचा_आधी
१०.०२

बहीणभावंडं आहेत ती. टिमूर, आपलं तिरफळ आणि चिनी लोकांची सिचुआन मिरी, तिन्हींचं कूळ एकच, झँथॉक्सिलम. जात वेगळी. वासात थोडा फरक पडेल पण मुंग्या येण्याचा प्रकार तोच.

सात_रस्ता_सून
१०.२०

मग आजच तिरफळ आणते. आज नळाला पाणी यायचा दिवस आहे, ते भरून झालं की बाजारात जाते.

सात_रस्ता_सून
दुपारी ४.३०

ऐका आता. तीन दुकानं फिरले. दोघांनी हे काय असतं म्हणून विचारलं. तिसरा म्हणाला आहे की, आत गेला, पुडी दिली, मी पण घाईत पिशवीत टाकली. घरी येऊन चटणीत टाकायला उघडली तर पिवळट भुकटी. म्हटलं हे तर फळ असतं ना. सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, अगं हे त्रिफळा चूर्ण आहे, हे रात्री झोपताना कोमट पाण्यातून घ्यायचं, मोमोतनं नव्हे.

अक्का_भवानीपेठ
४.३४

देवा. टाकलं असतंस म्हणजे पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला असता.

मालवणची_लेक_सोलापुरात
४.४१

अगं ताई थांबा, माझी वहिनी पुढच्या आठवड्यात येतेय, तिला आणायला सांगते. तुम्ही सात रस्त्याला ना, मी आसऱ्याला राहते, येऊन देईन.

सात_रस्ता_सून
५.०५

किती गोड गं तू. बरं, तोपर्यंत अक्कांची चटणी केली आज. रंग भारी आलाय. पण हुतात्माभाऊ म्हणाले ते तिखटाचं तेल करायला गेले आणि घात झाला. तेलातनं धूर यायला लागल्यावर तिखट टाकलं, क्षणात काळं, आणि असा खकाणा उठला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. माझ्या नशिबात ही चटणी खोकल्याशिवाय नाही बहुतेक.

हुतात्मा_एक्सप्रेस
५.२०

चुकलं माझं, ते सांगायला पाहिजे होतं. तेल धूर येईपर्यंत तापवलात तरी चालेल पण मग गॅस बंद करून थांबायचं, दोनतीन मिनिटं तरी. मिरचीचा एक तुकडा टाकून बघायचं, त्याच्या भोवती बारीक बुडबुडे आले आणि तुकडा लालच राहिला तर बरोबर, लगेच काळा पडला तर अजून थांबा, आणि नुसताच तळाला जाऊन बसला तर तेल गार झालंय. दुसरं, बारीक पूड वापरू नका, ब्याडगीच मिक्सरला अर्धवट फिरवून भरड करा. त्या भरडीवर पाण्याचे चारदोन थेंब शिंपडून बोटानं चोळून घ्या, ओलसर असली की पटकन जळत नाही. आणि उलटं करा, म्हणजे तेलात तिखट नको, स्टीलच्या वाटीत तिखट ठेवून त्यावर तेल, एकदम नाही, तीन वेळा थोडं थोडं. पहिल्या वेळी फसफसतं, वास सुटतो, दुसऱ्या वेळी रंग सुटतो.

जुना_मंगळवार_पेठ
५.३१

तेल कुठलं पण? आमच्यात करडईचं घाण्यावरनं आणतो.

अक्का_भवानीपेठ
५.३६

करडई चांगलं की दादा, स्वतःचा वास फार नाही त्याला. शेंगतेल पण चालेल.

लेबल_वाचा_आधी
६.१०

या तेलाबद्दल एक सावध करतो, घाबरवायला नाही. त्यात कच्चा लसूण घालून बरणी ओट्यावर ठेवून देऊ नका. लसूण मातीतला, त्याच्यावर बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात, तेलात हवा पोचत नाही आणि लसणात आंबटपणा नाही, त्या जंतूला नेमकं तेच लागतं. वास, रंग काहीच बदलत नाही, त्यामुळे बघून कळत नाही. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा स्वयंपाकघर म्हणजे भट्टीच. लसूण घातलेलं तेल फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवा. नुसत्या सुक्या मिरचीचं असेल तर एवढं टेन्शन नाही. खायच्या वेळी वाटीत लसूण ठेचून घातलेला सगळ्यात बरा.

कडक_भाकरी
६.१५

आणि शेंगा चटणी महिनाभर टिकते. सांगून ठेवतो.

सात_रस्ता_सून
६.४०

भाऊ तुमचं ऐकते आता. पण एक शंका. आजची चटणी मी चमच्यानं चाखली तेव्हा झकास लागली, पोरानं मोमोबरोबर खाल्ली तर म्हणाला, आई, मिळमिळीत आहे. असं कसं?

निवृत्त_सुभेदार
७.३०

हेच लिहायचं राहिलं होतं माझं. चटणी चमच्यानं चाखून ठरवायची नसते. मोमोचं आवरण म्हणजे नुसता उकडलेला मैदा, त्याला मीठ नाही, तेल नाही, आत कोबी. ते सगळं मिळून चटणीची धार खातं. तेव्हा नुसती चाखली तर जरा जास्तच आंबट, जरा जास्तच खारट, तोंड वाकडं व्हावं इतपत लागली पाहिजे. एक गार झालेला मोमो बाजूला ठेवायचा आणि दर वेळी त्याचा तुकडा मोडून, बुडवून चाखायचं. आमच्या मेसचा नेपाळी आचारी तसंच करायचा, चमच्याला हातच लावायचा नाही.

तळलेला मोमो असेल तर उलट. त्याला स्वतःचं तेल असतं, मग चटणी पातळ आणि आंबट ठेवा, वरून तिखटाचं तेल देऊ नका.

अक्का_भवानीपेठ
७.४४

बरोबर बोलले. इडलीचं पण तेच आहे बघा. सांबार नुसतं प्यायला चांगलं लागलं की इडलीबरोबर कमीच पडतं.

(मधले चारपाच दिवस कुणी काही लिहिलं नाही)

मालवणची_लेक_सोलापुरात
शनिवार, दुपारी १२.२०

ताई, तिरफळं पोचली ना? वहिनीने वाळवलेली आणली होती, डब्यात घालून दिलीत.

सात_रस्ता_सून
शनिवार, रात्री १०.०५

पोचली गं. आणि आज जमली. म्हणजे जमलीच. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत.

टोमॅटो चार, दोन उकडले आणि दोन काकांसारखे गॅसवर जाळी ठेवून भाजले, कारण सगळे भाजले असते तर पोरगा म्हणाला असता भरताचा वास येतोय. ब्याडगी सात, गुंटूर एक. लसूण मंद गॅसवर. वाटण घातलं, परतलं, कडेनं तेल सुटलं. आता इथं मी भाकरीभाऊंचं ऐकलं. घरातली शेंगा चटणी, कांडलेली, तेल सुटलेली असते ना तशी, दोन चमचे भरून टाकली. टाकल्या टाकल्या चटणी घट्ट झाली, पळी उभी राहील इतकी, मला वाटलं गेलं सगळं. मग अर्धी वाटी गरम पाणी हळूहळू घालत हलवलं तर एकदम अशी मखमली झाली आणि वर लाल तेलाचे ठिपके तरंगायला लागले. मीठ आधी घातलं नव्हतं ते बरं झालं कारण शेंगा चटणीत असतंच. सोया घातलाच नाही, सासूबाईंसाठी. गॅस बंद करून व्हिनेगर दोन लहान चमचे आणि तिरफळं चार ठेचून. साखर चिमूटभर.

गार मोमो मोडून मोडून चाखलं. पहिल्या वेळी मिळमिळीत, मग अजून अर्धा चमचा व्हिनेगर, मग मीठ, मग नुसती चाखली तर डोळे मिटले माझे, पण मोमोबरोबर एकदम बरोबर. तिखटाचं तेल वेगळं वाटीत ठेवलं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. या वेळी जळलं नाही, मिरचीच्या तुकड्याची परीक्षा केली, दोनदा थांबावं लागलं.

पोरगा म्हणाला, गाडीवरच्यासारखी नाहीये. माझा चेहराच पडला. मग म्हणाला, गाडीवर जिभेला असं होत नाही, आणि अकरा मोमो खाल्ले. रंग मात्र तिकडच्याइतका भडक नाही, तो बहुतेक बाटलीतला असावा.

सासूबाईंनी मोमो एकच खाल्ला, चटणी मात्र भाकरीबरोबर परत घेतली. म्हणाल्या नागपंचमीला कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, दिंडं उकडायचीच असतात, तर चार दिंडं पुरण न भरता मटकीची भरू या आणि ही चटणी करू या. मी म्हटलं देवाला चालेल का, तर म्हणाल्या देवाला पुरणाची दाखवू, उरलेली आपली.

फक्त एक कळलं नाही, खाऊन झाल्यावर मागं जरासं कडवट लागत होतं. लसूण जळला नव्हता, मेथी घातलीच नव्हती, तेल पण लाल होतं.

कडक_भाकरी
१०.०९

मी काय म्हणालो होतो पहिल्या दिवशी. ९.३१ ला. वर जाऊन बघा सगळ्यांनी.

हुतात्मा_एक्सप्रेस
१०.१२

फ्रेम करून लाव बे घरी.

निवृत्त_सुभेदार
१०.२०

अभिनंदन. तिरफळाच्या आतल्या काळ्या बिया काढल्या होत्या का? वापरायचं ते फक्त वरचं टरफल.

मालवणची_लेक_सोलापुरात
१०.२३

अगंबाई, मी सांगायलाच विसरले. बिया काढायच्या असतात ताई, त्याच कडू असतात.

सात_रस्ता_सून
१०.२६

नाही ओ, सगळं अख्खंच ठेचलं मी खलबत्त्यात. डब्यात अजून मूठभर आहेत, बसते आता निवडत. पोराला पण बसवते शेजारी, अकरा खाल्लेत त्यानं.